घरातली दुसरी पाठ

आजवर माझ्या हाताखालून असंख्य पाठी गेल्या, पण पहिली पाठ हाताखालून नाही, पायाखालून गेली. ती माझ्या वडिलांची. वडील साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. कांद्या-बटाट्याच्या गोण्या ट्रकमधून उतरवायच्या आणि गाळ्यात थप्पीला लावायच्या, हे त्यांचं काम. संध्याकाळी कोपरखैरण्याच्या खोलीवर आले की आंघोळ करून फरशीवर पालथे पडायचे आणि मला म्हणायचे, "चल, तुडव."

मी भिंतीला हात टेकून त्यांच्या पाठीवर चालायची. मणक्याच्या दोन्ही बाजूंना जाड दोरखंडासारखे स्नायू होते. पाय घसरू नये म्हणून मी बोटं आवळून धरायची. "खाली. अजून खाली. हां, तितंच उभी ऱ्हा," असं म्हणून ते डोळे मिटायचे.

पुढे फिजिओथेरपी शिकले तेव्हा कळलं की पाठ तुडवणं हा काही उपाय नव्हे, आणि मी तो कुणाला सुचवतही नाही. पण पाठ ही मुळात मजबूत असते, हे माझ्या तळपायांना तेव्हाच कळलं होतं. वडिलांची पाठ दुखायची, दमायची, आखडायची आणि सकाळी पुन्हा कामाला जायची. तिला काही होईल अशी भीती त्यांना कधी वाटली नाही. माझ्याकडे पुढे जी माणसं आली त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पाठीपेक्षा त्यांची भीतीच मोठी होती.

खांदेश्वरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना. दोन टेबलं, मध्ये पडदा, शेकाच्या पिशव्या आणि लोक ज्याला "करंट" म्हणतात ते मशीन. या मशीनला आमच्याकडे फार मान. माणूस आत येतो, चपला काढतो आणि म्हणतो, "मॅडम, करंट लावा." व्यायामाचं नाव काढलं की त्याला उशीर होत असतो. करंट घेताना निवांत पडून राहता येतं आणि जे करायचं ते मशीन करतं, हे त्याचं खरं आकर्षण. त्याने थोडा वेळ बरं वाटतं, हेही खरं. पण कंबर बरी करायची म्हणजे तिला पुन्हा वापरायला शिकवायचं, आणि ते काम ज्याची कंबर त्यालाच करावं लागतं. हे सांगणं म्हणजे माझा धंदा. बाकी सगळी सजावट.

गिऱ्हाइकंही एकेक. आमच्याच सोसायटीतल्या एका तरुण इंजिनिअरने पाठीसाठी परदेशी बनावटीची खुर्ची घेतली. खुर्ची इतकी आरामशीर निघाली, की तो तिच्यातून उठेनाच. जेवणही तिच्यातच. शेवटी पाठ आणखी आखडून माझ्याकडे आला आणि खुर्चीची तक्रार करायला लागला. मी म्हटलं, "खुर्ची चांगलीच आहे. फक्त मधेमधे तिला एकटं सोडत जा."

अशा गमतीच्या गोष्टी खूप आहेत. पण मला सांगायची आहे ती जासईच्या दामोदरभाऊंची आणि त्यांच्या बायकोची, रंजनाताईंची.

एका दुपारी रंजनाताई एकट्याच आल्या. चाळिशी ओलांडलेली, काटक बाई, खांद्याला मोठी पिशवी. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या.

"मॅडम, तुमी घरी येता काय? आमच्या घरवाल्यांना उठता येत नाय. मनक्यात गॅप आलाय."

हा "गॅप" मला रोज भेटतो. एक्स-रे किंवा एमआरआय काढला की कागदावर काही ना काही लिहून येतंच. मणक्यांमधल्या गाद्या वयानुसार सुकतात, दबतात, जसे केस पांढरे होतात तशा. ज्यांना काडीचंही दुखत नाही त्यांच्याही पाठीत हे सापडतं. पण "गॅप" म्हटलं की माणसाला भिंतीला गेलेली चीर दिसायला लागते. आता ती रुंद होणार आणि एक दिवस घर बसणार.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. पायातली ताकद गेलीय का? लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का? बसायच्या जागी बधिर झालंय का? ताप, वजन उतरणं, कुठून पडणं? यातलं एक जरी "हो" असतं तरी मी त्यांना त्याच पावली हॉस्पिटलला पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं होतं, हालचाल करा असंही म्हटलं होतं. पण दामोदरभाऊंनी ऐकलं होतं ते एकच, गॅप.

निघताना रंजनाताईंनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. वाकताना डावा हात मांडीवर टेकला आणि वर येताना त्याच हाताने मांडीवर चढत चढत सरळ झाल्या. ही खूण मी झोपेतसुद्धा ओळखीन.

"तुमची पण कंबर दुखते?"

"मना काय झालाय? मी ठनठनीत हाय," त्या म्हणाल्या आणि निघाल्याही.

जासईचं त्यांचं घर रस्त्यापासून जवळच होतं. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची धूळ खिडक्यांवर बसलेली. बाहेरच्या खोलीत फरशीवर लाकडी फळी, फळीवर सतरंजी आणि तिच्यावर कमरेला पट्टा आवळून दामोदरभाऊ. अंगापिंडाने चांगला थोराड माणूस, पण नजर छताला. बोलतानाही मान वळवत नव्हते, डोळेच फिरवत होते. फळीवर झोपायचं कुण्या नातेवाइकाने सांगितलेलं, पट्टा दुसऱ्याने. तिसऱ्याने सांगितलं होतं, आता झटका बसला तर कायमचा झोपशील.

ते स्वतः ट्रेलर चालवायचे. बंदराच्या रांगेत तासन् तास गाडीतच बसून राहावं लागायचं. एकदा अशीच रांग सरकेना म्हणून पाय मोकळे करायला उतरायला निघाले आणि सीटखालची पाण्याची बाटली घ्यायला वाकले. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं.

"चाळीस फुटी कंटेनर वढला, काय नाय झाला. बाटलीनं मारला मना," ते म्हणाले. त्यांना दुखण्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटत होती.

"बाटलीने नाही मारलं," मी म्हटलं. "आधीचे कित्येक तास बसून होतात, ते त्या वाकण्यात निघालं."

मी तपासलं. पाय मजबूत होते, संवेदना ठीक होत्या. दुखत होतं हे शंभर टक्के खरं, पण धोक्याचं काही नव्हतं. आधीच आखडलेली पाठ महिनोन् महिने न हलल्यामुळे आणखी आखडली होती. मी कुशीवर वळायला सांगितलं. त्यांनी रंजनाताईंकडे पाहिलं. रंजनाताई लगेच गुडघ्यावर बसल्या, दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले आणि एवढा मोठा माणूस ओढून उठवायला लागल्या.

"तुम्ही नका. त्यांना करू द्या."

"त्यांना तरास होतो, मॅडम."

"होऊ दे थोडा."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांच्या नवऱ्याला मारायलाच आलेय.

पहिले काही आठवडे मी हरतच होते. माझ्यासमोर दामोदरभाऊ कुशीवर वळायचे, हाताने रेटा देऊन बसायचे, दोन मिनिटं खुर्चीतही टेकायचे. मी फाटकाबाहेर पडले की परत फळीवर. जेवण आडवं, चहा आडवा. रस्त्यावरून ट्रेलर गेला की डोळे मिटून सांगायचे, "हा खाली, रिकामा चाललाय," किंवा "याचा माल भरलेला हाय." गाडीच्या आवाजावरून सगळं कळायचं त्यांना. एकदा म्हणाले, "माझ्या गाडीवर शेटनी दुसरा मानूस बसवला." एवढंच म्हणाले.

घर चालवायला रंजनाताई एका गोदामात पॅकिंगला लागल्या होत्या. सकाळी नळाचं पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, नवऱ्याला उठवून न्हाणीत न्यायचं, आणायचं, निजवायचं आणि मग दिवसभर उभं राहून खोकी भरायची. मी यायची म्हणून त्या कधी उशिरा जायच्या, कधी मधेच परत यायच्या. त्यांना मी कधीच बसलेलं पाहिलं नव्हतं.

एका सकाळी मी जरा लवकर पोचले. रंजनाताई मागच्या पडवीत नळाखाली बादली भरत होत्या. बादली उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. एक हात नळावर, एक बादलीच्या कडीला, मान खाली. वर येता येईना. पाणी बादलीतून वाहायला लागलं. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि मानेनेच "नको" म्हणाल्या. आतून हाक आली, "रंजना, पानी." त्यांनी ओठ दाबले, नळाला धरून हळूहळू सरळ झाल्या, पदराने तोंड पुसलं आणि तांब्या घेऊन आत गेल्या. आत जाताना पावलं अगदी नेहमीसारखी.

मी त्यांच्यामागोमाग आत आले. पाणी देऊन त्या कामाला निघून गेल्या. मी दामोदरभाऊंशेजारी सतरंजीवर बसले. त्या दिवशी मी व्यायामाचं काहीच काढलं नाही.

"दामोदरभाऊ, या घरात आजारी कोण आहे?"

"म्हंजे?"

"रंजनाताईंची कंबर तुमच्यापेक्षा वाईट आहे. आत्ता नळाशी अडकल्या होत्या. उठता येत नव्हतं."

त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. पट्टा, गॅप, झटका सगळं विसरून सरळ माझ्याकडे वळवली.

"ती काय बोलली नाय."

"तुम्ही विचारलंत?"

बाहेरून एक गाडी गेली. रिकामी की भरलेली, ते त्यांनी सांगितलं नाही.

"मी तिला अख्खा दिवस हाका मारतंय," ते म्हणाले. "पानी, चहा, चादर. मना वाटायचा ती ठीक हाय. ती म्हनायची बी, मी ठीक हाय."

मग ते म्हणाले, "उठायचा कसा, परत सांगा."

मी सांगितलं. आधी गुडघे वाकवायचे, मग सगळं अंग एकदम कुशीवर घ्यायचं, पाय फळीबाहेर फरशीवर घ्यायचे आणि कोपर आणि तळहात टेकून वर यायचं. श्वास कोंडायचा नाही. ते उठले. कपाळावर घाम आला, तोंडातून एक शिवीही आली आणि त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. मग विचारलं, "दारापर्यंत जाऊ?" आम्ही दारापर्यंत गेलो. दारात उभं राहून त्यांनी रस्ता पाहिला. किती महिन्यांनी पाहिला, कुणास ठाऊक.

तिथून पुढचं सगळं कष्टाचं होतं, पण अवघड नव्हतं. फळी गेली, साधी गादी आली. पट्टा आधी झोपताना सुटला, मग घरात, मग सुटलाच. दारापर्यंतचं चालणं आळीच्या टोकापर्यंत गेलं. फार बसायचं नाही, फार पडायचं नाही, थोडं थोडं पण दिवसभर हलत राहायचं, एवढंच माझं औषध होतं.

मग आली बादली. ती मी मुद्दाम आणली. अर्धी भरायला लावली. "लांबून उचलायची नाही. जवळ जा, पाय फाकवा, गुडघे आणि खुबे वाकवा, बादली अंगाशी घ्या. वळायचं असेल तर पाय वळवा, कंबर पिळायची नाही." दामोदरभाऊ वाकले. रंजनाताई पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले.

"नको, मॅडम. मी उचलते. मना सवय हाय."

"रंजना, तू बस," दामोदरभाऊ म्हणाले.

त्यांनी बादली उचलली, न्हाणीपर्यंत नेली आणि ठेवली. ठेवतानाही गुडघे वाकवले. रंजनाताई बसल्या नव्हत्या, पण त्यांनी हात मागे घेतले होते. नवऱ्याचं दुखणं सांभाळता सांभाळता ते त्यांचंच झालं होतं, आणि एखाद्याच्या हातातून त्याचं काम काढून घेताना वाटतं तसं त्यांना वाटत असावं. मी पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. आनंदाने की कशाने, मी विचारलं नाही.

सगळं सरळ झालं असं नाही. मधे एकदा दामोदरभाऊंचा फोन आला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा. "मॅडम, परत धरली. गॅप वाढला वाटतं." मी गेले. पायात ताकद होती, बाकी सगळं ठीक होतं. आदल्या दिवशी हुरूप येऊन त्यांनी एकट्याने पाण्याचं पिंप हलवलं होतं. बरी होत असलेली कंबर मधेच अशी चिडते. दुखलं म्हणजे काही मोडलं असं नसतं, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकाला ते दुसऱ्यांदा दुखल्यावरच पटतं. गरम पाण्याची पिशवी, थोडी विश्रांती आणि पुन्हा चालणं. फळी आणू का, असं रंजनाताईंनी विचारलं. दामोदरभाऊच म्हणाले, "फळी जाळली मी. बंबात."

यथावकाश त्यांना दुसऱ्या मालकाकडे गाडी मिळाली. सीटच्या पाठीशी टॉवेलची गुंडाळी, आणि रांग थांबली की खाली उतरून गाडीभोवती फेऱ्या. सुरुवातीला बाकीचे ड्रायव्हर हसायचे, "देवाला परदक्षिना घालतो काय," म्हणून. नंतर दोघं-तिघं त्यांच्यासोबत उतरायला लागले, असं त्यांनीच मला सांगितलं. कंबर अजून अधूनमधून बोलते, हेही सांगितलं. मी म्हटलं, "बोलू दे. ऐकायचं, पण घाबरायचं नाही."

पण मला एक खंत राहून गेली. रंजनाताईंना मी वाकायचं कसं, खोकं उचलायचं कसं, हे येता-जाता शिकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तितला टेबल माझ्या मांडीएवढा हाय. आनि खोकी येतात तो पट्टा थांबत नाय." गोदामातलं टेबल उंच करणं माझ्या हातात नव्हतं. वरिष्ठांना सांगून बघा म्हटलं. त्यांनी सांगितलं, टेबल आहे तेवढंच राहिलं. मी पाठींना शिकवते. त्या पाठी ज्या टेबलांपुढे दिवसभर वाकतात, ती टेबलं माझ्याकडे कधी येत नाहीत. या धंद्यात इतकी वर्षं घालवल्यावर मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

त्यांना मी कितीदा दवाखान्यात या म्हटलं. दर वेळी काही ना काही असायचं. हळद, बारसं, दीराचं हॉस्पिटल, गोदामात जादा काम. शेवटी एका दुपारी दामोदरभाऊ त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. आत येऊन म्हणाले, "आता हिला बघा. मी हाय बाहेर."

रंजनाताई या वेळी खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी विचारलं, "कुठे दुखतं?"

"तसा काय नाय."

"मग का आलात?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "सकाली उठताना लय दुखतं. दोन वरसं झाली."

दोन वर्षं. म्हणजे दामोदरभाऊंच्या बाटलीच्याही आधीपासून. मी तपासलं. काळजीचं काही नव्हतं, थकून दगड झालेले स्नायू होते. त्यांना टेबलावर पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली, घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी, कमरेवर शेकाची पिशवी. मग सवयीने सांगायला लागले, रोज थोडं चालायचं, हे दोन व्यायाम करायचे, पहिला असा.

"मॅडम," त्या उशीत तोंड ठेवूनच म्हणाल्या, "व्यायाम करीन मी. पन आज जरा निसती झोपू काय?"

माणसांना बिछान्यातून उठवण्यात माझा सगळा जन्म गेला. मी पडदा ओढून घेतला.

थोड्या वेळाने आत डोकावले तर त्या गाढ झोपल्या होत्या. पिशवीचा बंद अजून मनगटाला गुंडाळलेला होता. मी तो हळूच सोडवला. शेक निवला होता, तो काढून पाठीवर चादर टाकली. पुढच्या वेळेचे एक जोशीकाका आले होते, करंटसाठी. त्यांना म्हटलं, आज दुसऱ्या टेबलावर घेते, फक्त बोलू नका. ते थोडे नाराज झाले, पण बोलले नाहीत.

मी बाहेर आले. दामोदरभाऊ दवाखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत येरझाऱ्या घालत होते. मला पाहून थांबले.

"झाला काय?"

"झोपल्यात त्या."

"उठवू?"

"नको. तुम्हाला घाई आहे का?"

त्यांनी आत पडद्याकडे पाहिलं. चपला दारातच काढल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि अनवाणीच पुन्हा चालायला लागले.